मिठाईच्या चवीचा चहा: चाखायचा कसा आणि त्यावर लिहायचं कसं

"गुलाबजाम चहाचं पाकीट आणलं, दुधात चांगला खळखळून उकळला, दोन चमचे साखर घातली, आणि लागला आपला रोजचाच!" असं मला सारखं ऐकायला मिळतं. त्याच रागाच्या भरात लोक एक तारा देऊन मोकळे होतात. उलटंही होतं. पाकीट फोडल्याबरोबर दरवळ सुटतो आणि तेवढ्यावर पाच तारे पडतात. दोन्ही शेरे चुकीचे, कारण दोन्ही वेळा चहा नीट चाखलाच गेलेला नाही.

या चहात मिठाई नसते, मिठाईचा वास असतो. पत्तीवर सुवासाचा अर्क फवारलेला असतो. सोबत बदामाचे काप, कोकोचे तुकडे, खोबऱ्याचा कीस, गुलाबपाकळ्या, क्वचित कॅरमेलचे खडे घातलेले असतात. साखर, खवा आणि तुपाची उणीव नाकाने भरून काढायची असते. त्यामुळे परीक्षण करताना प्रश्न दोनच राहतात. पाकिटातला वास तोंडात उतरतो का? आणि त्या वासाखाली चहा शिल्लक राहतो का? पुढचा सगळा क्रम या दोन प्रश्नांसाठी आहे. क्रम बदललात तर उत्तरही बदलेल.

## १. नाव झाका, यादी वाचून घ्या

चाखणाऱ्याने पाकिटावरचं नाव वाचायचं नाही. 'केशर पिस्ता' वाचलं की पिस्ता लागतोच, मग तो कपात असो वा नसो. घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगून चहा झाकणाच्या छोट्या बरण्यांत काढून घ्या. वर फक्त क, ख, ग. नाव शेवटी, नोंद लिहून झाल्यावर उघडायचं.

पाकीट ज्याच्या हातात आहे त्याने मात्र घटकांची यादी पूर्ण वाचायची आणि चार गोष्टी वेगळ्या कागदावर टिपून ठेवायच्या:

- सुकामेवा किंवा दुधाचे पदार्थ आहेत का
- ज्येष्ठमध किंवा स्टीव्हिया (साखरेऐवजी वापरतात ती गोड पानं) आहे का
- जास्वंद किंवा सायट्रिक आम्ल आहे का
- मुळात चहाची पत्ती आहे की रूइबोस

रूइबोस ही दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाची पानं. ती चहाच्या झाडाची नव्हेत आणि त्यांत कॅफिन नसतं. रूइबोसच्या कपाबद्दल 'चहाचा कडकपणाच नाही' अशी तक्रार करणं म्हणजे ताकात साय नाही म्हणून रुसणं.

सावधान: चाखणाऱ्यांपैकी कोणालाही सुकामेव्याची किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर नाव झाकण्याच्या नादात यादी झाकू नका. तो चहा त्या व्यक्तीपुढे ठेवायचाच नाही.

## २. नाकाची उजळणी

ही पायरी सगळे गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक इथेच पडतो. कपातला वास ओळखायला तोच वास आधी एकदा खराखुरा घेतलेला असावा लागतो. आदल्या दिवशी संध्याकाळी पाच-सहा वाट्या मांडा: भाजलेले बदाम, सुकं खोबरं, ठेचलेला वेलदोडा, किसलेलं जायफळ, कोको पावडर, व्हॅनिला इसेन्सचे दोन थेंब घातलेलं पाणी. प्रत्येक वाटी हुंगा, डोळे मिटून पुन्हा हुंगा, आणि त्या वासाला तुमच्या शब्दात नाव द्या.

कॅरमेलसाठी आपण कोल्हापूरकर नशीबवान आहोत. दिवाळीनंतर करवीर-पन्हाळ्याकडच्या एखाद्या गुऱ्हाळावर तासभर उभं राहा. काहिलीतला रस आटताना आधी हिरवट उसाचा वास येतो. मग काकवीचा गोड, किंचित आंबूस वास. मग गुळाचा भरदार वास. आणि काहिलीच्या कडेला जे लागतं त्याचा करपट वास. 'कॅरमेल' लिहिलेले चहा या शेवटच्या दोन वासांच्या मध्ये कुठेतरी असतात, आणि नेमके कुठे, हेच वाचकाला हवं असतं. गुऱ्हाळाचा हंगाम नसेल तर कढईत चमचाभर साखर मंद आचेवर वितळवा. सोनेरी, तांबूस, काळपट, तिन्ही टप्प्यांवर वास घ्या. वितळलेली साखर दीडशे अंशांच्या वर तापलेली असते, तिला बोट लावू नका.

बदामाबद्दल हमखास गोंधळ होतो. परदेशी मिठायांच्या चहात 'बदाम' म्हणून जो वास येतो तो बहुतेकदा बेंझाल्डिहाइड नावाच्या द्रव्याचा, म्हणजे कडू बदामाचा. जर्दाळूची आठळी फोडून आतला गर हुंगलात तर तोच वास येईल. आपल्याला बदाम म्हटलं की बदामाचा शिरा आठवतो, मग 'बदाम लागलाच नाही' असं लिहून आपण मोकळे होतो. बदाम असतो, फक्त वेगळा असतो.

व्हॅनिलाचं उलट आहे. कस्टर्ड, केक, चीजकेक, आइस्क्रीम, सगळ्यांत तोच पायाला असतो. 'व्हॅनिला जाणवतो' एवढं लिहून वाचकाला काहीच कळत नाही. व्हॅनिलाशिवाय आणखी काय आहे ते शोधा.

आणि मिठाईचे तुकडे पाडायला शिका. पुरणपोळी म्हणजे एक वास नाही. शिजलेल्या हरभरा डाळीचा वास, गूळ, वेलदोडा, जायफळ, तव्यावर डाग पडलेली कणीक, वरून तूप. पुरणपोळीच्या नावाखाली मी चाखलेल्या चहांत गूळ आणि वेलदोडा सापडला, जायफळ एकदाच सापडलं, डाळ कधीच नाही. हे असं तुकड्यातुकड्याने लिहिलं तर ते वाचकाच्या उपयोगाचं.

जी मिठाई तुम्ही कधी खाल्लेलीच नाही तिच्याशी तुलना करू नका. तिरामिसु खाल्लं नसेल तर तसं सरळ लिहा, आणि कपात कॉफी, कोको, साय यांपैकी काय सापडलं तेवढं सांगा.

## ३. तोंड आणि खोली

मिसळ खाऊन चहा चाखायला बसू नका. तिखटाची आग जिभेवर असेपर्यंत हलक्या चवी कळतच नाहीत, आणि कटाचा तवंग तोंडात बराच वेळ रेंगाळतो. आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा झाला असेल तर सकाळपर्यंत हरकत नाही. मात्र त्या सकाळी नाश्ता फिका असावा: उपमा, दूध-भाकरी, काहीही. नाश्ता झाल्यावर निदान दीड तास थांबा. पुदिन्याची टूथपेस्ट, बडीशेप, पान-तंबाखू यांनाही तेवढंच अंतर ठेवा. सर्दी असेल तर दिवस पुढे ढकला. नाक बंद असताना या चहात उरतो तो तुरटपणा आणि गरम पाणी.

खोलीत उदबत्ती, धूप, कापूर नको. देवपूजा आधी उरकून खिडक्या उघडा. स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल तर बाहेरच्या खोलीत बसा. अंगावर अत्तर नको, हाताला वासाचा साबण नको.

एक चूक माझ्या हातून झालेली सांगते. एका कॅरमेल चहाबद्दल मी लिहिलं होतं की मागून लवंग आणि लसणाचा उग्र वास येतो, मिश्रण बिघडलेलं आहे. पुढे लक्षात आलं की चहा मी ज्या डब्यात काढला होता तो वर्षभर कांदा-लसूण मसाल्याचा होता. घासला होता, उन्हात वाळवला होता, तरी झाकणाच्या रबरात मसाला मुरलेला होता. तो शेरा मी मागे घेतला. तेव्हापासून चहासाठी काचेच्या नव्या बरण्या वेगळ्या ठेवल्या आहेत.

तपासून घ्या: रिकामी बरणी झाकण लावून अर्धा तास ठेवा, मग उघडून हुंगा. कसलाही वास आला तर ती बरणी बाद. गाळणीही हुंगून बघा. रोजच्या आल्याच्या चहाची गाळणी इथे चालत नाही.

## ४. पाणी, भांडी, वजन

पाणी पंचगंगेचं असो वा काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं, नळाला क्लोरिनचा वास येत असेल तर रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवा. बोअरचं जड पाणी वापरू नका. त्यात चहा काळपट, बेचव होतो आणि वर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो. आरओचं अगदी हलकं पाणीही चहाला सपाट करतं. काहीही वापरलंत तरी सगळ्या कपांना एकच पाणी, आणि ते नोंदीत लिहायचं.

पांढरे, आतून गुळगुळीत, एकसारखे चिनी मातीचे कप घ्या. स्टीलच्या पेल्यात रंग कळत नाही, कागदी कपाला स्वतःचा वास असतो. वजनासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा हवाच. चमचा इथे फसवतो. सीटीसीच्या, म्हणजे आपल्या रोजच्या दाणेदार चहाच्या, बारीक दाण्यांचा एक चमचा आणि बदामाचे काप, सफरचंदाचे तुकडे घातलेल्या मिश्रणाचा एक चमचा यांत चहा सारखा नसतो. दुसऱ्यात निम्मं वजन फळांचंच असू शकतं. 'पाणचट' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

पाकिटावर '१०० अंश' लिहिलेलं असलं तरी कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्याची काळजी नको. फक्त आधण नीट येऊ द्या, बुडबुडे दिसले की लगेच ओतू नका.

## ५. कोरडी पत्ती

पहिल्या पायरीत बरण्या भरणाऱ्याने त्या भरण्याआधीच पाकीट आडवं करून हळूच चार-पाच वेळा उलटंपालटं करावं. जड तुकडे आणि भुगा तळाशी बसतात, हलक्या पाकळ्या वर येतात. नुसतं वरवरचं उचललं तर तो कप त्या पाकिटाचा प्रतिनिधी नव्हे.

मग ५ ग्रॅम पत्ती पांढऱ्या बशीत पसरा. तुकडे बोटाने बाजूला करून पत्ती किती उरते ते पाहा. खोबऱ्याचा कीस किंवा काजूचा तुकडा दाताखाली घ्या. खवट लागला तर पाकीट जुनं आहे किंवा वाईट ठेवलेलं आहे. चॉकलेटच्या तुकड्यांवरही हीच परीक्षा. आषाढ-श्रावणात उघडलेल्या पाकिटातली पत्ती चुरून बघा. कुरकुरीत मोडली पाहिजे, वाकली तर तिने दमट हवा ओढली आहे.

वास घ्या आणि दोन ओळी लिहा. इथे गुण द्यायचे नाहीत. कोरड्या पत्तीचा वास हा पाकिटाचा बोलबाला आहे, कपाचा नाही.

## ६. कोरा चहा, दोन कप

कितीही सवय नसली तरी पहिली चाखणी कोऱ्या चहाची. दूध नाही, साखर नाही, गूळ नाही.

पहिला कप पाकिटावर सांगितल्याप्रमाणे. सूचना नसेल तर १५० मिलिलिटर पाण्याला ३ ग्रॅम. काळा चहा उकळत्या पाण्यात ३ ते ४ मिनिटं. हिरवा चहा ७५ ते ८० अंशांच्या पाण्यात २ ते ३ मिनिटं. रूइबोस उकळत्या पाण्यात ५ ते ७ मिनिटं. थर्मामीटर नसेल तर हिरव्या चहासाठी आधण आलेलं पाणी दुसऱ्या थंड भांड्यात ओतून पाच मिनिटं थांबा.

दुसरा कप कसोटीचा. चहा चाखण्यासाठी आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे: १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, ६ मिनिटं, झाकण ठेवून. हा कप प्यायला मजेदार लागण्यासाठी नसतोच. इतका वेळ राहिल्यावर अर्काआड लपवलेली हलकी पत्ती उघडी पडते. कडूपणा, जुनाटपणा, औषधासारखा वास, सगळं वर येतं.

पत्तीवर पाणी ओतायचं आणि झाकायचं. पातेल्यात पत्ती उकळायची नाही. आपल्या रोजच्या चहाला खळखळून उकळी लागते हे खरं, पण या चहाचा जीव वासात आहे, आणि उकळताना घरभर जो दरवळ सुटतो तो कपातून गेलेलाच असतो.

तपासून घ्या: चहा गाळल्यावर वर काय तरंगतं? गोल, चकाकणारे ठिपके असतील तर ती चॉकलेट, खोबरं किंवा सुकामेव्याची चरबी. फुंकर घातल्यावर भेगा पडणारा मळकट पापुद्रा असेल तर दोष पाण्याचा. पाण्याचा दोष चहाच्या नावावर लिहू नका.

## ७. चाखणं

आधी झाकण उचलून झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्या, मग गाळलेल्या ओल्या पत्तीचा, मग कपाचा. तिन्ही वेगळे असतात. ओल्या पत्तीत खरा चहा बोलतो.

तोंड पोळेल इतका गरम असताना घोट घेऊ नका. पोळलेल्या जिभेने त्या दिवशी पुढचं काही कळत नाही. चमचाभर चहा घ्या आणि भुरका मारा, अगदी आवाज करून. चारचौघांत लाज वाटत असेल तर एकटे बसा, पण भुरका माराच. त्याने चहाचे तुषार तोंडभर उडतात आणि वास घशामागून नाकात चढतो. बशीत ओतून पिण्याची आपली सवय या कामासाठी बरी नाही. पसरट बशीतून वास भराभर उडून जातो.

घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास सोडा. मिठाई याच क्षणी सापडते, सापडायची असेल तर. आता नाक चिमटीत धरून दुसरा घोट घ्या, मग चिमूट सोडा. चिमूट असताना जे लागलं ते जिभेचं: कडू, तुरट, आंबट, गोड. सोडल्यावर जे आत शिरलं ते अर्काचं. नाक धरलेलं असतानाही गोड लागलं तर यादीत ज्येष्ठमध किंवा स्टीव्हिया असण्याची दाट शक्यता आहे. ती गोडी घोट संपल्यावरही घशात चिकटून राहते. काहींना ती आवडते, काहींना अजिबात सोसत नाही, म्हणून नोंदीत तिचा उल्लेख हवाच.

तोच कप तीनदा चाखा: गरम, कोमट, पार थंड. थंड झालेला कप फार बोलका असतो. चांगल्या मिश्रणात गार झाल्यावरही काहीतरी सुसंगत उरतं. वाईट मिश्रणात अर्क आणि चहा फाटल्यासारखे वेगळे होतात, एकीकडे उग्र सेंट आणि दुसरीकडे कडू पाणी.

दोन चहांच्या मध्ये कोमट पाणी आणि चार साधे चिरमुरे. भडंग नको. एका बैठकीत चारपेक्षा जास्त चहा घेऊ नका. पाचव्यापासून नाक थकतं आणि सगळं व्हॅनिलासारखं लागायला लागतं. पुष्कळ कॅफिन पोटात जाऊ नये म्हणून थुंकायला एक भांडं जवळ ठेवा.

## ८. आता दूध आणि साखर

कोऱ्या चहाची नोंद लिहून झाली, तरच पुढे जा.

आधी साखर, अर्धा सपाट चमचा. मिठाईचा वास ज्या गोडीची आशा लावतो ती मिळाली की पुष्कळ चहा एकदम फुलतात. हा फरक लिहा: 'साखरेशिवाय अपुरा, साखरेने पूर्ण'. परीक्षणासाठी पांढरी साखरच घ्या. आपल्या गुळाला स्वतःची खारट-खमंग चव आहे, ती कॅरमेलला झाकून टाकते. गुळाचा कप करून बघायला काहीच हरकत नाही, पण तो वेगळा.

मग दूध. कसोटीच्या कपासारखा कडक चहा करून १०० मिलिलिटरला २० मिलिलिटर गरम दूध. दुधातली प्रथिनं तुरटपणा धरून ठेवतात, तर स्निग्धांश वासाची द्रव्यं स्वतःत ओढून घेतो. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट. कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध कितीही चांगलं असलं तरी या कामाला ते जड पडतं, हलक्या फुलांचा किंवा बदामाचा वास त्यात बुडतो. एकच पिशवीचं गाईचं दूध ठरवून टाका आणि दर वेळी तेच वापरा.

सावधान: स्ट्रॉबेरी चीजकेक, लेमन टार्ट अशा नावांच्या चहांत पुष्कळदा जास्वंद किंवा सायट्रिक आम्ल असतं. दूध घातलं की फाटतं. सुरुवातीला टिपलेली यादी इथे कामाला येते. दूध फाटलं म्हणून चहाला शून्य गुण देऊ नका. तो कोराच प्यायचा आहे, तसं लिहा.

## ९. नोंद लिहिणं

आता नाव उघडा. झाकलेल्या नावाने लिहिलेली ओळ खोडायची नाही. नाव कळल्यावर जे नवं जाणवलं ते तिच्याखाली 'नाव कळल्यावर' असं लिहून घाला.

'छान', 'मस्त', 'अप्रतिम सुगंध' हे शब्द माझ्या वहीत चालत नाहीत. माझी एक नोंद जशीच्या तशी देते:

"बरणी ख. काळी पत्ती, बारीक. ३ ग्रॅम, १५० मिलिलिटर, ४ मिनिटं, गाळलेलं नळाचं पाणी. कोरडा वास: गूळ, वेलदोडा, मागे बिस्किट. कपात: पहिल्या घोटाला वेलदोडा, श्वास सोडताना काकवी. तूप नाही. पत्ती दमदार, शेवट तुरट पण स्वच्छ. सहा मिनिटांवर कडू, तरी अर्क टिकला. गार झाल्यावर वेलदोडा उरला, गूळ गेला. साखरेने काकवी वर आली. दुधात नुसता वेलदोड्याचा चहा. नाव कळल्यावर: पुरणपोळी. वेलदोड्याचा गुळाचा चहा म्हणून घ्यावा, पुरणपोळी शोधू नये."

गुण द्यायचेच असतील तर एका आकड्यात कोंबू नका. मिठाई तोंडात उतरली का, याला वेगळे गुण. चहा शिल्लक राहिला का, याला वेगळे. तिसरी ओळ, तो कसा प्यायचा: कोरा, साखरेने की दुधाने. पाकिटाची निर्मितीची तारीख आणि ते उघडल्याला किती दिवस झाले, हेही लिहा. पाकीट कंपनीकडून फुकट आलं असेल तर ते पहिल्याच ओळीत सांगायचं, तळटीपेत नाही.

## १०. तीन आठवड्यांनी पुन्हा

उरलेला चहा घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात, मसाल्यांपासून लांब ठेवा. फ्रिजमध्ये नको. दर वेळी बाहेर काढताना त्यावर दव धरतं. दोन सुवासिक चहा एका डब्यात तर कधीच नको, आठ दिवसांत दोघांना एकच वास लागतो.

तीन आठवड्यांनी फक्त पाकिटावर सांगितल्याप्रमाणे एक कप करा आणि जुनी नोंद न वाचता नवी लिहा. मग दोन्ही शेजारी ठेवा. फवारलेला अर्क हळूहळू उडतो, आणि ज्याच्यात सगळा भर अर्कावर होता तो चहा इथे उघडा पडतो. खोबरं आणि काजू घातलेल्या मिश्रणांत खवटपणा सुरू झाला आहे का तेही बघा. फरक मोठा असेल तर आधीचा मजकूर तसाच ठेवून खाली तारखेसह चार ओळी जोडा: पाकीट किती दिवसांत संपवावं आणि घ्यायचं तर केवढं घ्यावं.